मागच्या टेम्पोतली माणसं

जिमखान्याच्या नोटीस बोर्डावर यंदा हिवाळी सायकल टूरचे दोन कागद लागले. एकावर ‘रायडर्स’, दुसऱ्यावर ‘व्हॉलंटियर्स’. पहिला कागद सकाळी लागला आणि रात्री मेस बंद व्हायच्या आत भरला. जागा चाळीस, नावं सत्तेचाळीस. शेवटच्या सात जणांनी समासात आडवी नावं घातली. दुसऱ्या कागदावर आठवड्याभरात चार नावं जमली. त्यातलं एक ‘गब्बर सिंग, रामगड’.

उरलेल्या तिघांत मी एक. फर्स्ट इयरला मी या टूरमध्ये सायकलवर होतो, सेकंड आणि थर्ड इयरला टेम्पोत. त्यामुळे दोन्हीकडचं बघितलेलं आहे, आणि बोलायचा थोडा हक्कही आहे असं मी समजतो. कारण दुसरा कागद रिकामा राहिल्यावर जिमखान्याच्या मीटिंगमध्ये जे झालं, ते मला मुळीच पटलेलं नाही.

मीटिंगमध्ये दोन मतं पडली. पहिलं व्यवहारी लोकांचं. माणशी तीनशे रुपये जास्त घ्या, टेम्पो आणि एक सायकलवाला भाड्याने आणा, विषय संपला. दुसरं मत पैलवानांचं. आपल्या हॉस्टेलमध्ये असे चार-पाच जण आहेत ज्यांना स्वतःच्या जर्नलची पानं किती झाली ते माहीत नसतं, पण सायकलचं वजन ग्रॅममध्ये पाठ असतं. त्यांचं म्हणणं, सपोर्ट हवाच कशाला? ज्याला जमत नाही त्याने येऊच नये. दोघांचं भांडण अर्धा तास चाललं. पण नीट ऐकलं तर दोघेही एकच गोष्ट धरून बोलत होते, की व्हॉलंटियर म्हणजे हमाल. एकाला हमाल भाड्याने आणायचा आहे, दुसऱ्याला हमाल नकोच आहे.

ज्यांनी ही टूर केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार दिवस. पहिल्या दिवशी पनवेल, कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे आणि मुक्काम रोहा. दुसऱ्या दिवशी कुंडलिकेच्या बाजूने साळाव आणि तिथून मुरूड. तिसऱ्या दिवशी काशीद, रेवदंडा करत अलिबाग. चौथ्या दिवशी पोयनाडवरून वडखळ, पेण आणि परत पनवेल. पहिला दिवस ऐंशीच्या आतबाहेर किलोमीटर. घाट म्हणावा असा एकही नाही, कर्नाळ्याची आणि भिसेची अशा दोन खिंडी फक्त. कागदावर बघितलं की सगळे म्हणतात, हॅ, यात काय!

यात काय ते वडखळला कळतं. पनवेलहून निघालेला हा रस्ता म्हणजे मुंबई–गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ नंबर, आता ६६. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि ते कोणत्या चालीने चाललं हे कोकणात गणपतीला जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. वडखळला अलिबागचा रस्ता फुटतो. शनिवारी सकाळी मुंबईची अर्धी गाडीवाली जनता समुद्रावर निघालेली असते, त्यात डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाणारे-येणारे लांबलचक ट्रेलर, त्यात एसट्या, त्यात उलट बाजूने येणारे दुचाकीवाले. या सगळ्यात आपले चाळीस जण, त्यातले पंधरा असे की ज्यांनी आयुष्यात महामार्गावर सायकल चालवलेली नाही. ट्रेलर जवळून गेला की आधी तो हवेने बाहेर ढकलतो आणि पुढे गेला की आत ओढतो. हे फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात आपण लिहितो, पण हँडल हातात असताना पहिल्यांदा अनुभवतो तेव्हा पोटात गोळा येतो.

आता सांगा, इथे व्हॉलंटियर काय करतो? टेम्पो घेऊन सायकलींच्या मागे रांगत जातो असं पुष्कळांना वाटतं. तसं केलं तर तोच सगळ्यात मोठा धोका. ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या गाडीला पंधराच्या वेगाने सरकणारा टेम्पो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. टेम्पो पुढे न्यायचा, रस्त्याच्या पूर्ण बाहेर, सावली आणि उभं राहायला जागा असेल तिथे लावायचा, सगळे मोजायचे, शेवटचा गेला की पुन्हा पुढची जागा. अशा जागा मोजक्याच असतात. त्या आधी शोधून ठेवाव्या लागतात आणि त्यासाठी टूरच्या आधीच्या आठवड्यात दोघांना मोटारसायकलवरून सगळा रस्ता पालथा घालावा लागतो. कुठे नवीन खणलंय, कुठे डायव्हर्शन आहे, कोणत्या पुलावर कडेला खडी पडलीय, कोणत्या टपरीमागे मुलींना जायला बऱ्यापैकी संडास आहे. ही शेवटची गोष्ट नकाशात कुठेच सापडत नाही. मागच्या वर्षी पेणच्या अलीकडे एका टपरीवरच्या मावशींनी स्वतःच्या घराचं दार उघडून दिलं होतं. आमच्यातली एक जण आदल्या आठवड्यात जाऊन त्यांच्याशी बोलली, चहा प्यायली, मुली किती येणार ते सांगून आली, म्हणूनच ते झालं. तीनशे रुपयांत येणारा टेम्पोवाला हे करणार आहे का? त्याने का करावं?

नागोठण्याचं वळण हा दुसरा विषय. तिथे महामार्ग सोडून भिसे खिंडीच्या रस्त्याला लागायचं असतं. सरळ गेलात तर सुकेळी खिंड चढून कोलाड गाठाल आणि मग कोलाडहून रोह्याला याल. म्हणजे जास्तीचं अंतर, तेही महामार्गावरचं, तेही भर दुपारचं. दरवर्षी कोणीतरी सरळ जातोच, कारण मान खाली घालून पुढच्याचं चाक बघत जायची सवय. मोबाइलमध्ये नकाशा असतो हे खरं, पण तो खिशात असतो. म्हणून त्या वळणावर एक माणूस उभा करावा लागतो. चाळीसावा सायकलवाला जाईपर्यंत. पहिला साडेनऊला जातो, शेवटचा बाराला. अडीच तास उन्हात, हातात शिट्टी आणि आपल्या टी-शर्टच्याच रंगाचं फडकं. अत्यंत कंटाळवाणं काम. मी ते दोन वर्षं केलंय. वर्तमानपत्र तीनदा वाचून होतं, नागोठण्याचे लोक येऊन ‘कसली रेस आहे’ विचारतात, त्यांना रेस नाही हे सांगितलं की त्यांचा रस जातो.

कोकणातल्या डिसेंबरबद्दल एक गैरसमज दूर करतो. पहाटे पनवेलला कानटोपी घालून निघालेली मंडळी अकरा वाजता पेणच्या पुढे घामाने थबथबलेली असतात. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. लोक मग नुसतं पाणी ढोसत सुटतात. घामातून मीठ जातं, पाण्यातून ते परत येत नाही. नुसतं पाणीच भरत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन उलट्या, चक्कर सुरू होते. म्हणून टेम्पोत पाण्याच्या कॅनशेजारी दुसरा कॅन असतो, एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव बेकार लागते म्हणून मुलं तोंड फिरवतात. त्यात कोकम घातलं की पितात, हा शोध आमच्या बॅचचा, याची नोंद व्हावी.

आता ज्या प्रसंगावरून मला हे सगळं लिहावंसं वाटलं तो सांगतो. नावं देत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

मागच्या वर्षी पहिल्याच दिवशी, भिसे खिंडीच्या चढावर, साडेबाराच्या सुमाराला. सेकंड इयरचा एक मुलगा सगळ्यात शेवटी होता. शेवटच्याच्या मागे आमची एक व्हॉलंटियर सायकलवर असते, तिला आम्ही शेपटी म्हणतो; शेपटीच्या मागे कोणी राहता कामा नये हा नियम. तिला दिसलं की मुलगा नागमोडी चालवतोय. दादागिरी न करता तिने त्याला थांबवलं आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, काल रात्री मेसमध्ये भाजी कोणती होती रे? तो म्हणाला, ‘सबमिशन झालं.’ एवढ्या उन्हात त्याच्या हातावर काटा आला होता. तिने त्याला सावलीत बसवलं, डोक्यावर, मानेवर पाणी ओतलं, मला फोन केला. आम्ही टेम्पो उलटा आणला. तोवर तो जरा शुद्धीत आला होता आणि उठून सायकलवर बसायला निघाला होता. खिंड संपतच आलीय, पुढे उतार आहे, रोहा दहा-बारा किलोमीटर राहिलंय, मला जाऊ दे. रडकुंडीला आला होता. तिने सायकलची किल्ली काढून खिशात टाकली आणि सायकल टेम्पोत चढवली.

रोह्याला डॉक्टरांनी सलाइन लावलं. संध्याकाळी पोरगा ठणठणीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या सांगण्यावरून टेम्पोत, तिसऱ्या दिवसापासून परत सायकलवर. म्हणजे सगळं नीट झालं. पण टूर संपल्यावर त्याला प्रमाणपत्र मिळालं नाही, कारण नियमात ‘संपूर्ण अंतर सायकलवर’ असं आहे. त्याने फीडबॅक फॉर्मवर लिहिलं, ‘सपोर्टने जबरदस्ती केली.’ महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. आणि जिने त्याला थांबवलं तिलाही प्रमाणपत्र नाही, कारण ती ‘रायडर’ नव्हती. वर तिची चार दिवसांची अटेंडन्स गेली. रायडर्सना ‘ऑन ड्यूटी’ मिळते, व्हॉलंटियर्सना नाही. ती चार दिवस नेमकी कशावर होती, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

यंदा तिने कागदावर नाव घातलेलं नाही. मी आग्रह केला नाही.

पैलवान मंडळी इथे म्हणतील, बघा, आम्ही हेच सांगत होतो, असल्यांना आणूच नका. त्यांच्यासाठी थोडा सायकलचाच इतिहास. १९१३ सालच्या तूर द फ्रान्समध्ये युजेन क्रिस्तोफ नावाच्या गड्याचा फोर्क पिरेनीज पर्वतात तूरमाले घाट उतरताना मोडला. तेव्हाचा नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, कोणाची मदत घ्यायची नाही. तो सायकल खांद्यावर टाकून कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावी गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः फोर्क जोडला, अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते. आणि तरी त्याला दंड झाला. का? तर भट्टीचा भाता एका लहान पोराने मारला म्हणून! पैलवानांना ही गोष्ट क्रिस्तोफच्या जिद्दीची वाटते आणि ती आहेच. मला मात्र दरवेळी तो भाता मारणारा पोरगा दिसतो. दोन्ही हात कामात असताना भाता कोणी मारायचा, याचं उत्तर त्या नियमात नव्हतं. पुढे खुद्द तूरनेच ते नियम सोडले. आज तिथे प्रत्येक संघामागे सुट्या चाकांनी भरलेल्या मोटारी धावतात आणि म्हणून कोणी विजेत्याला बिनकामाचा म्हणत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. नाशिकचे डॉक्टर भाऊ हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, साधारण साडेआठ दिवसांत. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. या शर्यतीत सपोर्ट क्रू ही चैन नाही, क्रूशिवाय उतरताच येत नाही. रात्रीच्या वेळी सायकलच्या मागे क्रूची गाडी असलीच पाहिजे. रस्ता सांगणं, खायला देणं, किती वेळ झोपू द्यायचं ते ठरवणं, सगळं क्रूकडे. अनेक दिवस न झोपलेल्या माणसाचं डोकं त्याचं राहत नाही, म्हणून डोकं गाडीत ठेवलेलं असतं.

उलट बाजूही आहे, ती लपवत नाही. ब्रेव्हे प्रकारात, म्हणजे २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ठरलेल्या वेळेतल्या राइड्समध्ये, वाटेत स्वतःची सपोर्ट गाडी चालत नाही. मदत घ्यायची ती फक्त कंट्रोल पॉइंटवर. आपल्या पैलवानांपैकी एकाने २०० चा ब्रेव्हे साडेतेरा तासांच्या आत केला आहे, त्याचं कौतुकच आहे. पण कंट्रोल पॉइंटवर कार्डावर शिक्का मारायला रात्रभर जागा बसलेला माणूस कोण असतो रे दादा? तोही व्हॉलंटियरच. शिवाय ब्रेव्हेला येणारा माणूस स्वतःला सांभाळायचं शिकून येतो. आपल्या टूरला तो शिकायला येतो. फर्स्ट इयरच्या पोराला पहिल्याच खेपेला ‘स्वतःचं स्वतः बघ’ म्हणायचं असेल तर टूर काढूच नये, सरळ नकाशा वाटावा.

भाड्याच्या सपोर्टवाल्यांशी माझं भांडण वेगळं आहे. टेम्पो भाड्याचा असायला माझी हरकत नाही, आताही तो भाड्याचाच असतो, आणि गेली दोन वर्षं येणारे टेम्पोवाले मामा आमच्यापेक्षा शहाणे आहेत. पंक्चर काढणारा माणूसही आणा. पण चाळीस मुलांपैकी कोण कालपासून गप्प आहे, कोणाचं एटीकेटीचं टेन्शन आहे, कोण घरच्यांना न सांगता आलाय, कोणाची सायकल मागून आणलेली आहे आणि ब्रेक शू संपलेत हे सांगायची त्याला लाज वाटतेय, हे भाड्याच्या माणसाला कळणार नाही. ते मेसच्या टेबलावर शेजारी बसणाऱ्यालाच कळतं. शिवाय भाड्याचा माणूस पैसे देणाऱ्याला ‘बस टेम्पोत’ कसं म्हणेल? गिऱ्हाईक म्हणतंय जातो, तर तो म्हणणार जा साहेब.

ही काही नवीन कल्पना नाही, आणि ज्या रस्त्याने आपण जातो तिथे तर नाहीच. पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव, १८९५ चं. १९५१ मध्ये पोचमपल्लीपासून भूदानासाठी हा माणूस जो चालत सुटला तो जवळजवळ तेरा वर्षं. पण दररोज पहाटे उठून पुढच्या गावी पोचायचं, तर त्या पुढच्या गावात उतरायची जागा, सभेची जागा, जेवण, पाणी बघणारं कोणीतरी आधी पोचलेलं असणारच की नाही? इतिहासात त्यांची नावं येत नाहीत. आणि रोहा हे पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं जन्मगाव, १९२० चं. त्यांच्या स्वाध्यायातली माणसं भक्तिफेरीला जातात ती स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या सुट्टीत. विचार पटो न पटो, पदरचे पैसे घालून दुसऱ्याच्या गावी जायचं आणि तिथे कोणावर भार व्हायचं नाही, ही शिस्त बघण्यासारखी आहे. दोघांनाही सामाजिक नेतृत्वासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९५८ आणि १९९६ साली. (ज्यांचं बालपण रोह्यात गेलं त्या चिंतामणराव देशमुखांना १९५९ चा. पाण्यातच काहीतरी असावं.)

आणि वारी तर सगळ्यांना माहीत आहे. दिंडी चालते तेव्हा तिचा ट्रक तंबू, भांडी, शिधा घेऊन पुढे गेलेला असतो. माउलींच्या पालखीत संध्याकाळी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो, सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग तिची दाद घेतली जाते. हरवलं-सापडलंही तिथेच पुकारतात. इतका मोठा जमाव, आणि तक्रार ऐकायची इतकी साधी रीत. आम्ही मागच्या वर्षी रोह्याच्या मुक्कामी याची नक्कल केली. जेवणं झाल्यावर सगळ्यांना गोल बसवलं आणि ज्याची तक्रार असेल त्याने ताट वाजवत राहायचं. पहिल्यांदा सगळ्यांनीच वाजवलं, मस्ती म्हणून. मग हसून झाल्यावर तीन ताटं वाजत राहिली. एकाचा गुडघा दुखत होता, एकाच्या मागच्या चाकाचे दोन आरे तुटले होते, आणि एका मुलीला झोपायच्या खोलीची कडी लागत नव्हती. तिन्ही गोष्टी रात्रीच निस्तरल्या. या रीतीशिवाय त्यातली एकही आम्हाला कळली नसती, याची मला खात्री आहे. त्यानंतर गावातल्या ओळखीच्यांनी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. ज्यांनी खाल्ली नाही त्यांनी निदान त्यासाठी तरी टूरला यावं.

माझं म्हणणं नुसतं रडगाणं होऊ नये म्हणून काय हवं तेही सांगतो. आधी व्हॉलंटियर्सचा कागद लावा, तो भरल्यावरच रायडर्सचा. दहा सायकलींमागे दोन माणसं, म्हणजे चाळीसना आठ. आठ मिळाले नाहीत तर तीसच जण जातील, पंधराच जातील. जो सायकलवर येणार त्याने चारपैकी अर्धा दिवस तरी नाक्यावर उभं राहायचं किंवा शेपटी व्हायचं, पैलवानांसकट. पैलवानांनी तर आधी, कारण चढावर शेपटीचं काम करायला ताकद लागते आणि ती त्यांच्याकडे आहे. शेपटीने थांब म्हटलं की थांबायचं, वाद रोह्याला जाऊन घालायचा. हे फॉर्मवर सही घेऊन पालकांनाही कळवायचं. १०८ नंबर आणि वाटेतल्या दवाखान्यांचे फोन प्रत्येकाच्या हँडलला चिकटवायचे. रस्त्यावर पडलेल्या परक्या माणसाला उचललं म्हणून पोलिसांच्या कचाट्यात सापडू ही भीती बाळगायचं कारण नाही, २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे. आणि टेम्पोत बसावं लागलेल्याला प्रमाणपत्र द्या. त्यावर किती किलोमीटर झाले तो आकडा लिहा, खोटं कशाला लिहायचं. ज्याला सकाळी जमलं नाही आणि तो तिसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसला, त्याचा आकडा मला तरी जास्त आवडेल.

प्रमाणपत्राची ही सूचना मी मांडली तेव्हा जिमखाना सेक्रेटरी म्हणाला, मग सगळेच टेम्पोत बसतील. नाही बसणार. टेम्पोत पाण्याचे कॅन, चाळीस सॅक, सहा ट्यूबा, पंप, पाने, केळ्यांचे घड आणि मामांचा रेडिओ असतो. मागच्या फळकुटावर बसून नागोठणे ते रोहा जो एकदा गेला, तो पुन्हा हौसेने बसत नाही.

स्टाफपैकी जे सर आणि मॅडम हे वाचत असतील त्यांना एकच विनंती. व्हॉलंटियर्सच्या ‘ऑन ड्यूटी’चा अर्ज गेल्या वर्षी तीन टेबलांवर फिरून परत आला, शेरा होता, ‘सदर विद्यार्थी क्रीडा प्रकारात सहभागी नाहीत.’ यंदा अर्ज पुन्हा करतोय. सोबत नागोठण्याच्या वळणावरचे अडीच तास, पेणच्या मावशींकडची फेरी आणि खिंडीतला तो फोन, वेळेसकट लिहून जोडतोय. वाचून मग शेरा मारावा.

बाकी रायडर्सच्या कागदावर समासात नावं घातलेल्या सात जणांना जागा मिळणार नाही हे नक्की आहे. त्यांनी शनिवारी साडेचारला वर्कशॉपच्या मागे यावं. पंक्चर काढणं, आउट झालेलं चाक सरळ करणं आणि चेन जोडणं, दोन तासांत शिकवतो. जुने कपडे घालून या. गब्बर सिंग यांनीही यावं, नाव खोडलेलं नाही.